फुटका दिवा जळत असला तरी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे वसतिगृहाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



आजच्या समारंभाचा आरंभ दीपप्रज्वलनाने झाला, आणि पन्नास वर्षे चाललेल्या कार्याच्या महोत्सवात ते योग्यच झाले. आम्ही मात्र जो विषय मागून घेतला आहे, तो दिवे लावण्याचा नसून काही दिवे काढून टाकण्याचा आहे. शुभप्रसंगी हे कसले बोलणे, असे कोणास वाटेल. परंतु या संस्थेने आमच्या शाळेतील कितीतरी मुलांना वह्यापुस्तके दिली, कित्येकांना येथे निवारा दिला. त्या मुलांच्या डोक्यावर रोज संध्याकाळी जो दिवा लागतो तो धड आहे की नाही, हे पाहणे याच कार्याचा भाग आहे, असे आम्हांस वाटते.

घरातला फुटलेला, तडकलेला किंवा टोपण निघालेला विजेचा दिवा वापरावा की वापरू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे. उत्तरही एका वाक्याचे आहे : वापरू नये. पण वापरू नये असे नुसते सांगून कोणी ऐकत नाही, हा आमचा वर्गातला अनुभव आहे आणि, सांगावयास संकोच वाटतो, घरातलाही आहे. म्हणून घरातलीच हकीकत आधी सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक एलईडी दिवा होता. एके दिवशी धाकट्या चिरंजीवांचा चेंडू त्यावर बसला. दुधी प्लास्टिकचे टोपण तडकून खाली पडले आणि आतली पांढरी चकती व तिच्यावरचे पिवळे ठिपके उघडे पडले. आम्ही बटण दाबून पाहिले, तो दिवा लख्ख लागला! उलट टोपण गेल्यामुळे उजेड थोडा अधिकच वाटला. घरातून दोनदा आठवण झाली की दिवा बदला. अम्मी म्हणाल्या, "लागतो आहे ना? मग पैसे कशाला घालवता?" आम्हीही म्हणालो, पुढच्या महिन्यात पाहू. असे तीन महिने गेले.

रमजान जवळ आला तशी अम्मींनी सवयीप्रमाणे घराची झाडलोट काढली. स्वयंपाकघरात दिवसाही अंधार असतो, म्हणून दिवा चालू होता. अम्मी स्टुलावर चढल्या आणि ओल्या फडक्याने फळी पुसता पुसता त्यांचा हात त्या उघड्या चकतीला लागला. विजेचा झटका बसून त्या खाली कोसळल्या. प्राणावर बेतले नाही ही अल्लाची मेहेरबानी. पण उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. त्या रमजानात सहरीच्या भाकऱ्या अम्मींच्या हातच्या नव्हत्या. आम्ही रोज पहाटे पानावर बसत होतो, आणि अम्मी एका हाताने खात होत्या, ते पाहत होतो.

आम्ही विज्ञानाचे पदवीधर, शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेले. दहावीच्या वर्गाला विद्युत्प्रवाहाचा पाठ वर्षानुवर्षे शिकवतो. पुढे तो पाठ आला तेव्हा आम्ही ही गोष्ट वर्गात सांगितली. एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, तुम्हांला माहीत होते, मग तुम्ही तो का बदलला नाही?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर विचार करता एक गोष्ट ध्यानात आली, आणि तीच आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. आपली सवय जुन्या दिव्याची आहे आणि घरातला दिवा नवा आहे.

जुना दिवा म्हणजे तारेचा पिवळा बल्ब. एडिसनने १८७९ साली कोळशाच्या तंतूचा दिवा यशस्वी करून दाखविला. पुढे त्या तंतूच्या जागी टंगस्टन धातूची तार आली. ही तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळे प्रकाश देते. एवढ्या उष्णतेत तिला हवेतला प्राणवायू लागला तर ती क्षणात जळून जाईल. म्हणून काचेच्या फुग्यातली हवा काढून त्यात अरगॉन व नायट्रोजन यांसारखे वायू भरतात. काच ही नुसती शोभेची नव्हे. तिच्यामुळेच ती तार जिवंत राहते.

आता ही काच फुटली म्हणजे काय होते? चालू दिवा असेल तर तार भप्पकन जळून तुटते आणि दिवा विझतो. बारीक तडा गेला असेल तर हवा हळूहळू आत शिरते, आणि बटण दाबताच आत धूर दिसून काचेला पांढरट किंवा पिवळट थर धरतो. ही टंगस्टनची राख होय. पुष्कळ जुन्या बल्बच्या काचेवर काळसर डाग असतो, तो निराळा. तो तारेच्या वाफेचा असून दिव्याच्या म्हातारपणाची खूण आहे. त्याने उजेड कमी होतो, पण त्यात भय नाही. पांढरा थर मात्र काचेत फट असल्याची खूण आहे.

सांगावयाचे ते हे की, तारेचा बल्ब फुटला की स्वतःच विझत असे. आपल्या आजोबा-आजींनी त्यावरून एक अडाखा बांधला : जळतो तो दिवा चांगला, विझला तो गेला. हा अडाखा त्या दिव्यापुरता बराचसा खरा होता. बराचसा म्हणण्याचे कारण, दिवा विझला तरी भय संपत नसे. काच फुटून गेल्यावर आतल्या दोन जाड आधारतारा होल्डरमध्ये तशाच उभ्या राहतात, आणि बटण चालू असेल तर त्यांत २३० व्होल्टचा दाब असतो. अंधारात 'बल्ब कसा गेला' म्हणून चाचपडणाऱ्याचा हात नेमका तेथेच जातो.

या बल्बाच्या आणखी दोन खोडी आपल्या ओळखीच्या आहेत. काचेचा फुगा पितळी टोपीतून सुटतो आणि गरगर फिरू लागतो. असा बल्ब काढताना काच फिरते, टोपी फिरत नाही, आणि आतल्या तारा एकमेकींना पीळ घालून चिकटतात. मग ठिणगी उडून फ्यूज जातो. दुसरी खोडी आपलीच. तार तुटली की बल्ब हलवून हलवून तिची टोके परत चिकटवावयाची! तो लागतोही, आणि पूर्वीपेक्षा झगझगीत लागतो. मुलांनो, तो का, हे तुम्ही सांगू शकाल. तार आखूड झाली, तिचा रोध कमी झाला, म्हणून प्रवाह वाढला. ती अधिक तापते आणि त्याच कच्च्या सांध्यात पुन्हा तुटते. ही युक्ती काटकसरीची वाटते, पण ती दोन दिवसांची आहे.

नंतर आली ट्यूबलाइट आणि तिचे धाकटे भावंड सीएफएल. यांच्यात तापणारी तार प्रकाश देत नाही. नळीत पाऱ्याची वाफ असते, तिच्यातून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचे प्रकाशात रूपांतर करतो. पाऱ्याचे प्रमाण अगदी थोडे, म्हणजे काही मिलिग्रॅम असते. नळी धड आहे तोवर त्याचा काहीच उपद्रव नाही. ती फुटली की वाफ खोलीत पसरते. तडा गेलेली नळी जळत असेल तरीही ती उतरवलीच पाहिजे.

ट्यूब फुटली तर काय करावे? घाबरू नये, पण केरसुणीही उचलू नये. झाडल्याने पारा व लेपाची भुकटी घरभर उडते. मुलांना व जनावरांना खोलीबाहेर काढावे, पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि दहा-पंधरा मिनिटे खोली तशीच मोकळी ठेवावी. नंतर जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावे, बारीक कण चिकटपट्टीने टिपावे, ओल्या कागदाने जागा पुसावी आणि हे सर्व झाकणाच्या बरणीत बंद करावे. २०१६ च्या नियमांपासून असल्या पाऱ्याच्या दिव्यांची गणना आपल्या देशात ई-कचऱ्यात होते. ते घरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकावयाचे नसतात. उकिरड्यावर पडलेली ट्यूब दगड मारून फोडण्याची मुलांना मोठी हौस. आत हवेचा दाब कमी असतो, म्हणून फुटताना मोठा आवाज होतो आणि गंमत वाटते. या आवाजाबरोबर काय बाहेर पडते हे एकदा सांगितले तर मुले ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

आता आजच्या दिव्याकडे येऊ. केंद्र सरकारची उजाला योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्याखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. बाजारातून लोकांनी घेतले ते वेगळेच. वीज थोडी, उजेड पुष्कळ आणि आयुष्य मोठे. या दिव्याने गरिबाचे वीजबिल उतरविले, याबद्दल त्याचे उपकारच मानले पाहिजेत. त्याच्या पोटात तार नाही, विशेष वायू नाही, पारा नाही. चकतीवर जे पिवळे ठिपके दिसतात तेच प्रकाश देतात, आणि त्यांना उघड्या हवेचे काही वावडे नाही.

येथेच आपली फसगत होते. दुधी टोपण फुटले, गळून पडले, तरी हा दिवा विझत नाही. टोपणाचे काम फक्त उजेड मऊ करण्याचे आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक त्याचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. ते आपले बोट विजेपासून दूर ठेवते. दिव्याच्या मानेत एक लहानसे विद्युत्मंडल बसविलेले असते. ते आलेली वीज ठिपक्यांना मानवेल अशी करून देते. पण पुष्कळ स्वस्त दिव्यांत हे मंडल मुख्य तारेपासून चकतीला अलग करीत नाही. म्हणजे त्या ठिपक्यांचे सांधे आणि चकतीवरचे डाखाचे टाके यांचा घरातल्या फेजच्या तारेशी सरळ संबंध असू शकतो. दिसावयास नऊ वॉटचा निरुपद्रवी दिवा. त्याला हात लावणे म्हणजे उघड्या वायरीला हात लावणे.

कोणी म्हणेल, नऊ वॉट ते काय! साधा भागाकार करा. नऊ वॉटला २३० व्होल्टने भागले तर सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह येतो. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून गेला तर तो जिवावर बेतू शकतो. शिवाय अंगातून किती प्रवाह जाईल हे दिव्याच्या वॉटवर ठरत नाही. ते विजेच्या दाबावर, आपला हात ओला की कोरडा आणि पायांखाली काय आहे यावर ठरते. दुसरे कोणी म्हणेल, फ्यूज आहे ना! पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरपर्यंत गप्पच बसणार. फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी वेगळे उपकरण असते. वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरचे असे उपकरण गळती होताच वीज तोडते. ते ज्या घरात आहे त्या घरातले लोक शहाणे; पण ते आहे म्हणून फुटका दिवा ठेवावा असे मात्र नाही.

आपल्या बेळगावचा पावसाळा आपणांस सांगावयास नको. भिंतींना ओल येते, कौलारू घरात कोठेतरी थेंब गळतोच. तापलेल्या पिवळ्या बल्बावर गार थेंब पडला की काच तडकते. टोपण नसलेल्या एलईडीच्या चकतीवर तोच थेंब पडला तर विजेला वाट मिळते. दिव्यावर येणारे पावसाळी किडे आणि त्यांच्यामागे येणारी पाल उघड्या टाक्यांवर बसते. शहापूर-वडगावकडे मागांच्या घरांत सुताचे तंतू उडतात, ते उघड्या चकतीवर साचतात आणि दमट हवेत ओले होतात. हे सर्व टोपण अडवीत होते. त्याच्या जागी सेलोटेप, प्लास्टिकची पिशवी किंवा कागदाची पुडी बांधण्याचा उद्योग कोणी करू नये. दिवा मागच्या अंगाने बराच तापतो. टेप सुटते, पिशवी वितळते, कागद करपतो. टोपणाची जागा ही भरत नाहीत.

आता फुटका दिवा काढावा कसा? 'बटण बंद केले' एवढ्यावर विसंबू नये. नियमाप्रमाणे बटण फेजच्या तारेवर पाहिजे, परंतु पुष्कळ जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसविलेले असते. अशा घरात बटण बंद असले तरी होल्डरमध्ये फेज येतच राहते. बटण बंद केल्यावरही एलईडी मंद लुकलुकत असेल, तर हे एक कारण असू शकते. वायरमनकडून तपासून घ्यावे. म्हणून दिवा काढताना मेन स्विचच बंद करावा. टेस्टरने होल्डर पाहावा. पायांत रबरी चपला, हात कोरडे, चढावयाचे स्टूल न डगमगणारे आणि लाकडी असावे. काच असेल तर डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि खाली वर्तमानपत्र. आपल्याकडच्या बहुतेक होल्डरांत बल्ब आत दाबून फिरवावयाचा असतो. तेव्हा काचेला न धरता पकडीने पितळी टोपी धरून दाबावी, फिरवावी आणि काढावी. इतके जमणार नसेल तर वायरमनला बोलवावे, त्यात कमीपणा नाही.

आणि कोणाला झटका बसलाच, तर धावत जाऊन त्याला धरू नये, धरणाराही चिकटतो. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून ढकलून दूर करावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उठून बसला म्हणजे बरा झाला असे समजू नये, डॉक्टरांस दाखवावेच.

बंधुभगिनींनो, आमचा कोणावर रोष नाही. फुटका दिवा ठेवणारे लोक बेफिकीर असतात असे नव्हे. बहुधा ते काटकसरी असतात. आमच्या अम्मींनी एका पगारात आम्हां भावंडांना वाढविले ते याच काटकसरीवर. ही संस्थाही पै-पै जोडून उभी राहिली. काटकसर हा आपला गुण आहे, तो सोडा असे आम्ही कसे सांगू? पण शंभराच्या आतबाहेर किंमत असलेला दिवा आम्ही तीन महिने वाचविला, आणि त्यापायी अम्मींचे मनगट गेले. प्लास्टर निघाले, तरी थंडी पडली की आजही ते दुखते. त्या बोलत नाहीत, हात चोळत बसतात.

म्हणून या महोत्सवात संस्थेला आमची एक नम्र विनंती आहे. वसतिगृहातील आणि संस्थेकडून मदत घेणाऱ्या घरांतील फुटके दिवे बदलून देण्यासाठी विश्वस्तांनी थोडी रक्कम बाजूला काढावी. पाहणीचे काम मोठ्या मुलांनी करावे. त्यांनी फक्त पाहावे आणि वहीत लिहून आणावे : काच तडकली आहे काय, टोपण आहे काय, मान फुटली आहे काय, होल्डर लोंबतो आहे काय. हात लावू नये. काढण्याचे काम वायरमनचे. आम्ही व आमच्या शाळेतील सहकारी या पाहणीत सुट्टीच्या दिवशी बरोबर येऊ. ज्या घरी पैशाअभावी दिवा राहिला असेल त्या घरी तो आपण द्यावा, आणि देताना उपदेश करू नये.

आणि घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच करावे. उद्या सकाळी उजेडात, दिवे बंद असताना, घरातला एकेक दिवा मान वर करून पाहावा. ओटा, न्हाणीघर, जिना, गोठा, अंगण. जुना दिवा फुटला की विझून आपल्याला सांगत असे. नवा दिवा सांगत नाही. ते आता आपण पाहावयाचे आहे. तो लागतो की नाही, हे विचारू नये. तो धड आहे की नाही, हे पाहावे.

त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही वर्गात उत्तर देऊ शकलो नाही. आमच्या स्वयंपाकघरात आता धड दिवा आहे, हेच तिला आमचे उशिरा दिलेले उत्तर. आपण ते उशिरा देऊ नये, एवढीच प्रार्थना.